‘मागच्या वेळी वाचलो ना!’

ताई,

आम्ही फ्लोरिडात, सेंट पीटर्सबर्गच्या जवळ राहतो. घर एकमजली, खाडीपासून चार-पाच गल्ल्या आत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलन चक्रीवादळ आलं तेव्हा काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, आमच्या भागाला घर सोडायला सांगितलं होतं, पण वादळ लांबून जाणार म्हणून आम्ही थांबलो. सासू-सासरे भारतातून आलेले होते. रात्री दाराखालून पाणी आत आलं आणि बघता बघता मांडीपर्यंत चढलं. सहा वर्षांच्या मुलाला आणि सासूबाईंना ओट्यावर बसवून रात्र काढली. दोन आठवड्यांत मिल्टन आलं, तेव्हा मात्र मित्राकडे निघून गेलो. घराच्या दुरुस्तीत पुढचे कित्येक महिने गेले. आम्ही एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहोत, त्यामुळे सरकारी मदतीचा अर्जही केला नाही.

आता नवरा म्हणतो, “मागच्या वेळी वाचलो ना! आता जनरेटर घेतलाय. पुन्हा वादळ आलं तर घरातच राहू.” सासू-सासरे ऑगस्टमध्ये परत येणार आहेत. सासऱ्यांना इन्सुलिन लागतं. मुलगा जोराचा पाऊस आला की अजूनही आमच्या खोलीत येऊन झोपतो, कधी अंथरूण ओलं करतो. आणि मी जून लागला की वादळांचा नकाशा दिवसभर उघडून बसते. घरात राहावं की निघावं? राहायचं तर कसं? आणि हे मनातलं कधी थांबणार?

– एक वाचक, पिनेलास काउंटी

•

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नात दडलंय असं मला वाटतं, म्हणून पहिल्यापासूनच सुरुवात करते. तुमचं घर खाडीपासून चार-पाच गल्ल्यांवर आहे, एकमजली आहे आणि त्यात एकदा मांडीभर पाणी येऊन गेलं आहे. काउंटीने निघायला सांगितलं की तुम्ही निघायचं. त्यात चर्चेला जागा नाही. नवऱ्याला पटवून देण्यासाठी पुढचं थोडं सविस्तर लिहिते, पण तो पटला नाही तरी उत्तर हेच.

“मागच्या वेळी वाचलो” हे त्यांचं म्हणणं खरं आहे. प्रश्न आहे तो कशातून वाचलो याचा. हेलन २६ सप्टेंबरच्या रात्री किनाऱ्याला धडकलं ते पेरी गावाजवळ, तुमच्या बरंच उत्तरेला. तुमच्या समोरून जाताना त्याचा डोळा, म्हणजे केंद्र, समुद्रात शंभराहून जास्त मैल लांब होता. म्हणजे चौथ्या श्रेणीचं वादळ तुम्ही सोसलंच नाही. तुमच्यापर्यंत आलं ते त्याने लोटलेलं पाणी. तेवढ्या पाण्यानेसुद्धा सेंट पीटर्सबर्गच्या मापनकेंद्रावर नेहमीच्या भरतीपेक्षा सहा फुटांहून जास्त पातळी गाठली आणि तो तिथला विक्रम ठरला. तुमच्याच काउंटीत त्या रात्री दहाहून जास्त माणसं गेली. त्यातली बरीच स्वतःच्या घरात, पाण्यात अडकून.

मग मिल्टन. ९ ऑक्टोबरला ते सिएस्टा कीजवळ, म्हणजे तुमच्या दक्षिणेला, तिसऱ्या श्रेणीचं होऊन जमिनीवर आलं. आधीचे काही दिवस सगळे अंदाज टँपा बेभोवती, म्हणजे तुमच्याच खाडीभोवती, फिरत होते. आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे तुमच्या किनाऱ्यावर वादळ उत्तरेकडून गेलं तर वारा समुद्राचं पाणी खाडीत कोंबतो आणि दक्षिणेकडून गेलं तर उलट खाडीतलं पाणी बाहेर ओढून नेतो. मिल्टनच्या रात्री टँपा बेचं पाणी ओसरलं ते याचमुळे. तेच वादळ थोडं उत्तरेला सरकलं असतं तर हेलनचं पाणी किरकोळ वाटलं असतं. २०२२ मध्ये इयानचंही तसंच झालं. धास्ती टँपाला होती, वादळ शेवटी दक्षिणेला वळलं आणि फोर्ट मायर्स बीचची वाताहत झाली. मोठ्या, म्हणजे तिसऱ्या किंवा त्याहून वरच्या श्रेणीच्या वादळाचा थेट घाव टँपा बेवर शेवटचा बसला तो १९२१ मध्ये. तेव्हापासून हा भाग हुकत आला आहे. तिथला समुद्रतळ उथळ आणि दूरवर सपाट आहे, पाण्याला चढायला सोपा. नवऱ्याला एवढंच विचारा की आपण वाचलो यात आपलं कर्तृत्व किती आणि वादळाच्या वळणाचं किती.

श्रेणीचा आकडाही इथे फसवतो. एक ते पाच ही मोजपट्टी फक्त वाऱ्याच्या वेगाची आहे. तिसरी श्रेणी ताशी १११ मैलांपासून, पाचवी १५७ पासून. पाणी किती चढेल, पाऊस किती पडेल, याबद्दल ती काहीही सांगत नाही. “फक्त कॅटेगरी वनच आहे” असं म्हणत घरात बसणारे लोक वाऱ्याचा हिशेब करतात आणि पाण्यात सापडतात. फ्लोरिडातले आपत्कालीन अधिकारी वर्षानुवर्षं एकच सांगतात: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. तुमच्या घराला यातलं पहिलं लागू आहे.

तुमचा इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घर सोडायच्या आदेशासाठी ठरवलेला विभाग, काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून बघा. ए ते ई अशी अक्षरं असतात, ए सगळ्यात आधी निघतो. बँकेच्या किंवा विम्याच्या कागदांवरचा फ्लड झोन, म्हणजे विम्यासाठी ठरवलेला पुराच्या धोक्याचा विभाग, ही वेगळी गोष्ट आहे. कागदावर बिनधोक दिसणारा फ्लड झोन आणि तरीही पहिल्या फेरीत घर सोडायचा आदेश, असं अनेकांच्या बाबतीत होतं आणि तिथेच गफलत होते.

निघायचं म्हणजे अटलांटा गाठायचं, हा दुसरा गैरसमज. २०१७ च्या अर्मा वादळाच्या वेळी लाखो लोक एकाच वेळी उत्तरेकडे सुटले. हायवे तुंबले, पंपांवरचं पेट्रोल संपलं, आणि वादळाने मार्ग बदलल्यावर काही जण जिथे गेले तिथेही तेच गाठ पडलं. तुम्हाला पाण्याच्या टप्प्याबाहेर जायचं आहे, राज्याबाहेर जायची गरज नाही. दहा-वीस मैल आत, झोनच्या बाहेर, शक्यतो २००२ नंतर बांधलेलं ओळखीचं घर शोधा. १९९२ च्या अँड्रू वादळाने दक्षिण फ्लोरिडातला होमस्टेड परिसर उद्ध्वस्त केल्यावर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले आणि राज्यभराचा नवा कोड २००२ पासून लागू झाला. त्यानंतरची घरं वाऱ्याला बरीच चांगली टिकतात. मिल्टनच्या वेळचा तुमचा मित्र अशाच घरात राहत असेल तर त्याच्याशी आत्ताच बोला, आकाश निळं असताना. “आलो तर पाच जण येऊ, दोन म्हातारी माणसं असतील,” हे वादळाच्या आदल्या दिवशी फोनवर सांगायला अवघड जातं, मेमध्ये सोपं जातं.

किती वाजता निघायचं तेही आधीच लिहून फ्रिजवर लावा. वादळी वारे ४८ तासांत पोचण्याची शक्यता असली की हरिकेन वॉच, म्हणजे पूर्वसूचना, जाहीर होतो, ३६ तास आधी वॉर्निंग, म्हणजे पक्का इशारा. तुमची काउंटी द्वीपकल्प आहे, बाहेर पडायच्या बऱ्याच वाटा पुलांवरून जातात, आणि वारा ताशी चाळीस मैलांच्या आसपास सातत्याने वाहू लागला की पूल बंद होतात. साधारण त्याच वेगाला ॲम्ब्युलन्सही थांबते. सासरे इन्सुलिनवर असताना रात्री नऊला “आता निघूया का” असं विचारायची वेळ येता कामा नये. तुमच्या झोनला आदेश निघाला की त्याच दिवशी उजेडात बाहेर, एवढा साधा नियम ठेवा. निघताना मेन ब्रेकर बंद करा आणि जमिनीवरचं जे उचलता येईल ते वर ठेवा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर ती सोबत न्या किंवा उंचावर लावा. खारं पाणी शिरलेल्या बॅटऱ्या नंतर, कधी काही दिवसांनीही, पेट घेतात. हेलननंतर असे प्रकार झाले आहेत.

“घर सोडलं की नुकसान वाढतं” यात थोडं तथ्य असतं, पण ते वाऱ्या-पावसाच्या घरांना. छताचं कौल उडून गळती लागली तर घरातला माणूस बादली ठेवू शकतो. मांडीभर पाण्यात घरातला माणूस काय वाचवतो? तुम्ही मुलाला आणि सासूबाईंना वाचवलंत, आणि ते दोघं आधीच निघून गेले असते तर तेवढंही करावं लागलं नसतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, घरात राहून वादळ कसं काढायचं. हे तुमच्या घराबद्दल लिहीत नाही, मित्राच्या घराबद्दल लिहिते आहे, कारण तिथेही वादळ येणारच आहे.

खिडक्यांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारू नका. काच फुटायची ती फुटतेच, उलट मोठे तुकडे होऊन उडते. शटर किंवा जाड प्लायवूड, बाकी सगळं मनाचं समाधान. “दाब समान राहावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवा” असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आत शिरलेला वारा छताला खालून ढकलतो आणि वरून वाहणारा वारा त्याला ओढतो, छत उडतं ते या दोन्हींच्या मधे. म्हणूनच गॅरेजचं दार ही घराची सगळ्यात दुबळी जागा. ते आत दबलं की पुढचं फार झपाट्याने होतं. मित्राचं दार हरिकेनसाठी प्रमाणित आहे का, किंवा त्याला आडवे मजबूत आधार लावता येतात का, हे आधी बघून घ्या.

रात्रीसाठी घराच्या पोटातली एक खोली ठरवा. खिडकी नसलेलं बाथरूम, मोठं कपाट किंवा आतला पॅसेज. तिथे गाद्या, पाणी, विजेऱ्या, सगळ्यांच्या पायात बूट. हो, झोपतानाही बूट. अंधारात काचांवरून चालायची वेळ आली की चप्पल सापडत नाही. मुलाकडे सायकलचं हेल्मेट असेल तर तेही जवळ ठेवा. फोनवर टोर्नॅडोची सूचना वाजली की त्या खोलीत जायचं, खिडकीतून बघायला जायचं नाही. मिल्टनच्या दिवशी डोळा पश्चिम किनाऱ्यावर येण्याआधीच पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट ल्यूसी काउंटीत टोर्नॅडोंनी माणसं मारली होती. म्हणजे वादळाच्या वाटेपासून लांब असणं ही हमी नाही. आणि मधेच सगळं शांत झालं, तारे दिसायला लागले, तर बाहेर पडू नका. तो डोळा असू शकतो. काही वेळाने वारा उलट्या दिशेने तेवढ्याच जोराने येतो.

घरात पाणी शिरायला लागलं तर उंच जागी जायचं, पण छतावर निघायची वाट नसलेल्या माळ्यावर चढायचं नाही. २००५ मध्ये कॅटरिनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये माळ्यावर चढलेली माणसं तिथेच अडकली, पाणी मागून चढत आलं. तुम्ही ओटा निवडलात ते त्या परिस्थितीत योग्यच होतं.

पिण्याचं पाणी माणशी रोज एक गॅलन, निदान तीन दिवसांचं, जागा असेल तर आठवड्याचं. टबमध्ये भरलेलं पाणी फ्लशसाठी. नळाला पाणी असलं तरी ते पिण्यालायक असेलच असं नाही. मिल्टनच्या रात्री सेंट पीटर्सबर्गमध्ये जलवाहिनी फुटून पाणीपुरवठाच बंद करावा लागला होता आणि नंतर उकळून प्यायची सूचना निघाली. खळखळून एक मिनिट उकळलं की पुरतं. गॅस नसेल तर साध्या, वास नसलेल्या ६ टक्क्यांच्या ब्लीचचे आठ थेंब एका गॅलनला, अर्धा तास थांबून मग प्या.

सासऱ्यांच्या औषधांचं आधीच करा. फ्लोरिडात वादळाचा इशारा लागू झाला की राज्याच्या विमा योजनांना तीस दिवसांची औषधं मुदतीआधी देऊ द्यावी लागतात. पण सासरे पाहुणे, त्यांची औषधं भारतातून आलेली, त्यामुळे त्यांच्या बाबतीत या सोयीवर विसंबू नका. जास्तीचा साठा बरोबर आणायला सांगा आणि औषधाच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये ठेवा. बहुतेक इन्सुलिन ५९ ते ८६ अंश फॅरनहाइटमध्ये फ्रिजबाहेर २८ दिवसांपर्यंत चालतं. वीज गेली म्हणून घाबरून ते थेट बर्फावर ठेवू नका, गोठलं की ते वाया गेलं. फ्रिज न उघडता चार तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस.

आणि आता जनरेटर. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त भीती त्याच वाक्याची वाटली. पहिली गोष्ट, मांडीभर पाण्यात जनरेटर चालत नाही, म्हणजे ज्या संकटासाठी तो घेतलाय त्यात तो कामाचाच नाही. दुसरी, वादळ गेल्यावर माणसं मरतात त्याचं एक मोठं कारण हेच यंत्र आहे. २०२० मध्ये लॉराने लुईझियानात प्रचंड लाट आणली, पण लोक वेळेवर निघून गेले होते, त्यामुळे त्या लाटेने जीव गेले नाहीत. परत आलेल्या लोकांच्या घरांत मात्र जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने अनेक बळी घेतले. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि वादळानंतर थकलेल्या माणसाला हे सगळं स्वाभाविकच वाटतं. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणं म्हणजे घरात चालवणंच. घरापासून निदान वीस फूट लांब, धूर खिडक्यांच्या उलट दिशेला, आणि घरात बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. अलार्म विकत घेतल्याशिवाय जनरेटर खोक्यातून काढायचा नाही अशी अट घाला. घरातल्या प्लगमध्ये उलटी वायर जोडून सगळं घर चालवण्याचे व्हिडिओ लोक बघतात. त्याने तुमची वीज तारांमधून बाहेर जाते आणि खांबावर काम करणारा लाइनमन मरतो. इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच, म्हणजे घराला बाहेरच्या तारांपासून तोडून जनरेटरला जोडणारा स्विच, बसवून घ्या, नाहीतर एक्स्टेन्शन कॉर्डने फ्रिज आणि पंखा एवढंच चालवा.

उकाड्याला कुणी वादळाचा भाग धरत नाही, पण म्हाताऱ्या माणसांना तोच जास्त छळतो. अर्मानंतर फ्लोरिडातल्या एका वृद्धाश्रमाचा एसी बंद पडला आणि त्या उष्म्याने बारा वृद्ध दगावले. त्यानंतर राज्याने वृद्धाश्रमांना जनरेटर सक्तीचा केला. २०२४ च्या जुलैमध्ये बेरिलनंतर ह्यूस्टनमध्ये वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, तिथेही उष्म्याचे बळी होते. “आम्हाला सवय आहे, आमच्याकडे लोडशेडिंग असतंच” असं सासरे म्हणतील. त्यांच्या घराला भिंती जाड असतील, खिडक्या समोरासमोर असतील. अमेरिकेतलं बंद, ओलं, विजेविना घर दुपारी भट्टी होतं. वीज दोन दिवसांत येत नसेल तर त्यांना वीज असलेल्या गावी हलवा, घर साफ करायला तुम्ही दोघं परत या.

साफसफाईतल्या बहुतेक गोष्टी तुम्ही भोगूनच शिकला आहात, त्यामुळे थोडक्यात. पाण्यात उभं राहून ब्रेकरला हात लावायचा नाही. बुरशी एक-दोन दिवसांत धरते, म्हणून विम्याचा माणूस येईपर्यंत ओल्या भिंती तशाच ठेवू नका. आधी भरपूर फोटो आणि व्हिडिओ काढा, पाण्याची रेघ टेपने मोजून दाखवा, कार्पेटचा आणि ड्रायवॉलचा एकेक तुकडा पुरावा म्हणून ठेवा, मग कापायला घ्या. ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर एकत्र करू नका. एक गोष्ट मात्र नवीन असेल तर नीट वाचा: कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जीवाणू असतो. इयान आणि हेलन दोन्हींनंतर फ्लोरिडात त्याच्या संसर्गाचे रुग्ण वाढले होते. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना धोका जास्त. सासऱ्यांच्या पायावर साधी चीर असली तरी त्यांनी त्या पाण्यात उतरायचं नाही. जखम झपाट्याने लाल, सुजलेली, दुखरी होऊ लागली तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीत.

पैशाचं. घराचा नेहमीचा विमा पुराचं नुकसान देत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. पुराचा वेगळा विमा घेतला नसेल तर आज घ्या. सरकारी योजनेचा विमा साधारणपणे तीस दिवसांनी लागू होतो, त्यामुळे नकाशावर वादळ दिसल्यावर फोन करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. त्यात इमारतीला अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलरची मर्यादा असते, आणि सामानाचा भाग वेगळा मागून घ्यावा लागतो. वाऱ्याच्या विम्यात हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला आधी आपण भरायचा वाटा, बहुतेक टक्क्यांत असतं. चार लाखांच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे आठ हजार, पाच टक्के म्हणजे वीस हजार तुमच्या खिशातून. ती टक्केवारी आजच पॉलिसीत शोधा. दारावर आलेल्या कंत्राटदाराचं लायसन्स तपासल्याशिवाय सही नाही, आणि पूर्ण पैसे आगाऊ तर मुळीच नाहीत.

तुम्ही अर्ज केला नाहीत याचं मला वाईट वाटलं, कारण हा समज आपल्या लोकांत फार पसरला आहे. एच-वन-बीवरच्या माणसाला फेमाची, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेची, रोख मदत स्वतःच्या नावावर मिळत नाही, हे बरोबर. पण घरातलं मूल अमेरिकन नागरिक असेल तर पालक त्याच्या वतीने अर्ज करू शकतात. तुमचा मुलगा इथे जन्मला असेल तर त्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो, तुमचा व्हिसा आड येत नाही. शिवाय निवारा, अन्न, पाणी, समुपदेशन अशा तातडीच्या मदतीसाठी तर नागरिकत्वाचा प्रश्नच नसतो. हेलनची मुदत गेली, पण पुढे कधी वेळ आली तर हे विसरू नका. पासपोर्ट, व्हिसा मंजुरीचा आय-सेव्हन-नाइन्टी-सेव्हन कागद, मुलाचा जन्मदाखला, सासू-सासऱ्यांचा प्रवासी विमा हे सगळं एका जलरोधक पिशवीत आणि शिवाय क्लाउडवर असू दे.

आता मुलगा. पावसाला घाबरणं, मोठ्या मुलाने पुन्हा अंथरूण ओलं करणं हे अशा अनुभवानंतर बरेचदा होतं, त्यात लाड किंवा हट्ट नसतो. त्याला रागावू नका आणि “काही होत नाही रे” असंही म्हणू नका, कारण झालं होतं आणि त्याने ते ओट्यावरून पाहिलं होतं. त्याला हवं आहे ते वेगळं उत्तर: पुढच्या वेळी आपण काय करणार. फ्रिजवरचा कागद त्याला वाचून दाखवा, त्याची स्वतःची छोटी बॅग भरू द्या, मित्राच्या घरी एकदा नुसतंच राहून या म्हणजे ती जागा ओळखीची होईल. “पाणी यायच्या आधीच आपण गेलेलो असू,” हे वाक्य त्याला बापाच्या तोंडून ऐकू द्या. तुमचा बेत घरात राहायचा असेल तर हे वाक्य कुणालाच म्हणता येणार नाही, आणि सुरुवातीला मी उत्तर पहिल्या प्रश्नात आहे म्हटलं ते याचसाठी. तरीही, इतका काळ लोटूनही त्रास चालू आहे म्हणून बालरोगतज्ज्ञांना सांगा आणि मुलांच्या आघातावर काम करणाऱ्या थेरपिस्टकडे पाठवायला सांगा. शाळेतल्या काउन्सेलरलाही कळवा, पावसाळी दिवशी त्यांचं लक्ष राहील.

तुमच्यासाठी एक अगदी यांत्रिक उपाय. राष्ट्रीय हरिकेन केंद्राची वादळाबद्दलची मुख्य पत्रकं तुमच्या वेळेनुसार पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री अकरा वाजता येतात, इशारा लागू झाला की मधल्या वेळीही येतात. मधल्या तासांत तुम्ही तोच नकाशा पुन्हा बघत असता, किंवा कुणाचं तरी आरडाओरड करणारं चॅनल. कुठेच वादळ नसेल तर दिवसातून एकदा पुरे. असेल तर अकरा आणि पाच. पहाटेचं पत्रक नवऱ्याकडे द्या. नकाशावरचा पांढरा शंकू वादळाचा आकार दाखवत नाही, फक्त केंद्र कुठून जाईल याचा अंदाज दाखवतो, आणि साधारण तीनातून एकदा केंद्र त्याच्या बाहेरून जातं. म्हणून तासागणिक त्याची कड आपल्या घरावर आली की गेली हे बघण्यात अर्थ नाही. तुमचा निर्णय तसाही काउंटीच्या आदेशावर बांधलेला आहे. छातीत धडधड, झोप नाही, त्या रात्रीची दृश्यं पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर, असं असेल तर १-८००-९८५-५९९० या आपत्तीग्रस्तांसाठीच्या हेल्पलाइनला दिवसरात्र कधीही फोन किंवा मेसेज करता येतो, फुकट. वादळ ताजं असायला हवं असं काही नाही.

नवऱ्याबद्दलही एक. जो माणूस आपल्या आई-वडिलांना आणि मुलाला घेऊन त्या पाण्यात उभा राहिला, थांबायचा निर्णयही बहुधा ज्याचा होता, त्याला “आपण तेव्हा जायला हवं होतं” हे म्हणणं जड जातं. मग तो जनरेटर विकत घेतो. हा माझा अंदाज आहे, चुकीचाही असेल. पण त्याला आकडेवारीने हरवू नका. सासू-सासरे समोर असताना तर हा विषयच काढू नका, तिथे त्याला मागे फिरता येणार नाही. दोघंच असताना विचारा की त्या रात्री तुला कशाची भीती वाटत होती. आणि जनरेटर परत करायला सांगू नका. वीज गेलेल्या आठवड्यात, कोरड्या घरात, वीस फुटांवर तो उपयोगीच आहे.

राहिला सासू-सासऱ्यांचा ऑगस्ट. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा कळस साधारण १० सप्टेंबरच्या आसपास. ऑगस्टमध्ये येऊन नेहमीसारखे काही महिने राहणारे पाहुणे बरोबर त्या कळसावर तुमच्या घरात असतील. डिसेंबर ते मार्च फ्लोरिडाची हवा त्यांना जास्त मानवेल, सकाळी फिरायलाही जाता येईल. मुलाच्या शाळेच्या सुट्ट्यांमुळे किंवा आणखी कशामुळे ऑगस्टच हवा असेल तर मित्राला सांगितलेल्या आकड्यात त्यांना धरा. नाहीतर तिकिटाची तारीख बदलून घ्या आणि त्याचा दंड तुम्ही भरा. त्यांना कारण खरं तेच सांगा, ते त्या रात्री तिथे होते.